चिकूच्या मुळाशी कोण आहे?

तुमच्या परसात चिकूचं कलम असेल तर बुंध्याशी जरा वाकून बघा. जोडाच्या खालून फूट आली असेल तर तिचं एक पान तोडून वरच्या पानाशेजारी धरा. चिकूचं पान टोकाकडे निमुळतं होत जातं. खालच्या फुटीचं पान टोकाला गोलसर असतं आणि मधोमध बारीक खाच असते. ते चिकूचं पान नाहीच. ते खिरणीचं.

इकडे मनोर-पालघर भागात घरोघरी ऐकू येणारी तक्रार म्हणजे "झाड एवढं वाढलं, पण चिकू काही लागत नाहीत." कारणं अनेक असतात, पण त्यातलं एक हे. खालची फूट जोर धरते, मुळांनी आणलेलं पाणी आणि अन्न तीच घेते आणि वरचा चिकू मागे पडतो. ही फूट कोवळी असतानाच अगदी बुंध्यालगत काढायची. अर्धवट छाटली तर दुप्पट फुटते. बागकाम इथे संपलं, आता इतिहास.

खिरणी म्हणजे रांजणी, गुजरातीत रायण. आपल्या कोरड्या रानांतलं, चिवट, सावकाश वाढणारं झाड. रॉक्सबर्गने १७९५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. चिकू मात्र मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिथलं स्पॅनिश नाव 'चिकोसापोते'. त्याच्या एका टोकातून आपला 'चिकू' निघाला, दुसऱ्यातून 'सपोटा'. स्पॅनिशांनी तो फिलिपिन्सला नेला. अकापुल्को-मनिला जहाजं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं चालू होती.

आता गंमत बघा. दोन्ही झाडांची प्रजाती एकच, मनिलकारा. हे नाव मूळ मल्याळी, 'हॉर्टस मलबारिकस' या सतराव्या शतकातल्या ग्रंथामुळे युरोपात पोचलं. म्हणजे मेक्सिकोच्या झाडाला आज मल्याळी नाव आहे आणि त्याच्या पायाशी आपली रानटी बहीण उभी आहे. नातं इतकं जवळचं म्हणूनच जोड जमतो.

बी लावून चिकू येतो, पण फळाला बरीच जास्त वर्षं लागतात, शिवाय फळ आईसारखं निघेलच असं नाही. कालीपत्ती हवी तर कलमच हवं. भेट कलमात कुंडीतलं खिरणीचं रोप मातृवृक्षाच्या फांदीला बांधतात आणि जोड पक्का झाला की ती फांदी मूळ झाडापासून कापून वेगळी करतात.

आणि हे संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी. घोलवडच्या चिकूबद्दल वाचायला लागलात की १८९८ हे साल हमखास भेटेल. कुठे ते 'घोलवडला लागवड' म्हणून येतं, कुठे 'भारतात आगमन' म्हणून. ही दोन विधानं वेगळी आहेत! एका गावातली पहिली बाग आणि एका देशातलं पहिलं झाड यांना लागणारे पुरावेही वेगळे. तरी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते वाक्य तसंच उतरवलं जातं. २०१६ मध्ये डहाणू घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर तर अशा सालाला आणखी वजन येतं.

मला विचाराल तर सालापेक्षा वाहतूक जास्त बोलते. काढल्यावर चिकू आठवड्याभरात पिकून मऊ पडतो, त्यामुळे बाजार जवळ हवा. मुंबई-सुरत रेल्वे १८६४ मध्ये जोडली गेली होती. बाग वाढण्यामागे ही सोय असणार, असं माझं अनुमान आहे. अनुमानच म्हणा, पुरावा नव्हे.

कलमांचा प्रश्न तर १८९८ ला स्पर्शही करत नाही. पहिली झाडं बियांची होती की कलमांची? खिरणीवर बांधायला केव्हा सुरुवात झाली? जुन्या नोंदी चाळताना 'झाडं' आणि 'कलमं' हे शब्द वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. जुन्या बागेत गेलात तर मालकाला वय विचारण्याआधी बुंध्याजवळची पानं बघा. तिथे खाच असलेलं पान सापडलं तर त्या झाडापुरतं उत्तर मिळालं. नाही सापडलं तर जोडाची गाठ शोधा, जुन्या बुंध्यावरही ती पुष्कळदा दिसते.