जीपवाल्यांची टीम: कंपनी क्लब देते, तसा बंदही करते

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात त्र्यंबकमध्ये आम्ही पाच-सात जण गावातल्या पोरांच्या खेळाबद्दल बोलत बसलो होतो. पोरं खेळतात कुठं, तर पार्किंगच्या मोकळ्या जागेत. गर्दीचा दिवस आला की तिथे गाड्या लागतात आणि पोरं घरी जातात. सिंहस्थ तोंडावर आलाय, म्हणजे गाड्या वाढणारच. बोलता बोलता एक जण म्हणाला, "सातपूरला एवढ्या कंपन्या आहेत. एखादी कंपनी गाठू, सीएसआरमधून फुटबॉलची टीमच उभी करून घेऊ. आपल्याला काय कटकट?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र माझ्या आतेभावाचा टी-शर्ट आठवला.

आतेभाऊ सातपूरला कामाला होता. त्याच्याकडे कुठून तरी आलेला एक टी-शर्ट होता, त्यावर 'महिंद्रा युनायटेड' असं लिहिलेलं. २००६ च्या उन्हाळ्यात तो हाच टी-शर्ट घालून आमच्या घरी आला आणि म्हणाला, "आपली टीम देशात पहिली आली, आणि तुझ्या पेपरात दोन ओळी?" मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच बातम्या पाठवायला लागलो होतो. त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक क्रिकेटचं कारण सांगितलं असणार.

चार वर्षांनी ती टीमच बंद झाली. तिची गोष्ट आज सांगायचीय, कारण त्या दिवशी डोलावलेल्या मानांचं उत्तर तिच्यात आहे.

आधी थोडं मागे जाऊ. मुंबईत फुटबॉल आणला गोऱ्या पलटणींनी. रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला, आणि भारतीय संघाला तो जिंकायला १९३७ साल उजाडावं लागलं. ती टीम होती बंगलोर मुस्लिम्स. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या आणि मैदानात आल्या कंपन्या, रेल्वे, बँका, पोलीस. टाटा, मफतलाल, कॅलटेक्स, एअर इंडिया, सेंट्रल रेल्वे, वेस्टर्न रेल्वे अशी नावं. कॅलटेक्सनं १९५८ चा रोव्हर्स कप जिंकला. तेल विकणारी कंपनी आणि फुटबॉलचा कप, आज विचित्र वाटेल. तेव्हा ते रोजचं होतं.

ही व्यवस्था चालायची कशी? साधं होतं. पोरगा चांगला खेळतो म्हणून कंपनी त्याला नोकरी द्यायची. सकाळी सराव, मग खात्यात हजेरी, मॅचच्या दिवशी सुट्टी. पगार कामगाराचाच. पण गुडघा गेला तरी नोकरी जात नव्हती. खेळ संपला की माणूस स्टोअरला नाहीतर टाइम ऑफिसला बसायचा आणि तिथूनच रिटायर व्हायचा. गिरणगावातल्या, वांद्र्यातल्या, माझगावच्या कितीतरी घरांत चूल पेटली ती अशी. टीम म्हणजे कंपनीच्या पगारपत्रकातली काही नावं. वेगळं बजेट नाही, वेगळा तमाशा नाही.

महिंद्रा अँड महिंद्राची टीम उभी राहिली १९६२ मध्ये. योगायोग बघा, एमआयडीसीची स्थापनाही त्याच वर्षातली. त्याच एमआयडीसीमुळे पुढे आपल्या त्र्यंबक रोडवर, सातपूरला, कारखान्यांची रांग उभी राहिली. महिंद्राची ओळख तेव्हा जीप जोडणारी कंपनी अशी. म्हणून टीमला नाव पडलं 'जीपमेन'. आमच्यासारख्या जीपला लोंबकळून नाशिकला कॉलेजला गेलेल्यांना हे नाव लगेच आपलं वाटतं. पण टीम होती मुंबईची. घर कुलाब्याचं कूपरेज मैदान, आणि खेळायची मुंबईच्या हारवूड लीगमध्ये.

पुढची तीसेक वर्षं ही टीम मुंबईतल्या बऱ्या टीमांपैकी एक. देशभर नाव झालं नव्हतं. देशात नाव म्हणजे मोहन बागान, ईस्ट बंगाल, आणि गोव्याचे क्लब.

मग १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग आली. पहिलीच लीग कुणी जिंकली? पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटीनं. कापडगिरणीची टीम, गिरणीच्या गावाची टीम. भायचुंग भुतिया, विजयन हे तेव्हा तिथे खेळायचे. कोलकात्याच्या लाखालाखाच्या गर्दीला एका गिरणीच्या गावानं मागे टाकलं, हे आपल्यासारख्यांना आवडावं असंच होतं.

पण या लीगमुळे एक गोष्ट बदलली, आणि ती तेव्हा फार कुणाच्या लक्षात आली नाही. आता टीम देशभर फिरणार, परदेशी खेळाडू घेणार, त्यांच्याशी करार होणार. खेळाडू कामगार राहिला नाही, करारावरचा माणूस झाला. टीम पगारपत्रकातून निघाली आणि खर्चाच्या वेगळ्या कॉलममध्ये जाऊन बसली. असा कॉलम दरवर्षी कुणीतरी तपासतं आणि विचारतं, "याचा उपयोग काय?"

महिंद्रानं हा बदल मनापासून केला, हे मान्य करायला हवं. २००० मध्ये टीमचं नाव 'महिंद्रा युनायटेड' झालं आणि तिला व्यावसायिक क्लबचं रूप आलं. चांगले खेळाडू आले, चांगले प्रशिक्षक आले. ड्युरँड कप १९९८ मध्येच जिंकला होता, तो पुन्हा २००१ आणि २००८ मध्ये. फेडरेशन कप २००३ आणि २००५ मध्ये. आयएफए शील्ड, तेही कोलकात्यात जाऊन, २००६ आणि २००८ मध्ये.

आणि २००५-०६ ची नॅशनल लीग. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. त्याआधीच्या नऊ लीगचा हिशेब मांडला तर सहा कोलकात्याला, दोन गोव्याला, एक फगवाड्याला. दहावी महाराष्ट्रात आली. ब्राझीलचा बारेटो त्या मोसमात आपल्याकडे होता. मुंबईचा स्टीव्हन डायस होता. मधल्या फळीत खालिद जमील होता. त्याच मोसमात फेडरेशन कप आणि लीग दोन्ही एका घरात. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल गेली. तिथे लेबनॉनच्या नेजमेहनं हरवलं.

आतेभाऊ टी-शर्ट घालून आला तो या दिवसांत. त्याचं बरोबर होतं, दोन ओळी कमीच होत्या.

मग मार्च २०१० मध्ये बातमी आली, मोसम संपल्यावर महिंद्रा युनायटेड बंद. कंपनी आता शाळकरी मुलांच्या, मुळाशी असलेल्या फुटबॉलवर लक्ष देणार. टीम कंगाल झाली नव्हती. दोनच वर्षांपूर्वी ड्युरँड जिंकलेली टीम. कंपनीही बुडाली नव्हती, आपल्या नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ, बोलेरो धडाधड बाहेर पडत होत्या. म्हणजे कंपनीचं उत्तम चाललेलं असताना आणि टीम चांगली खेळत असतानाही क्लब बंद होऊ शकतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी जेसीटीनंही फगवाड्याची टीम बंद केली. कारण असं दिलं की फुटबॉलला पुरेसे प्रेक्षक आणि प्रसिद्धी मिळत नाही. एका कापडगिरणीनं चाळीस वर्षं टीम चालवली, ती प्रेक्षक मोजून नाही. प्रेक्षक मोजायला लागले आणि टीम संपली.

यात खलनायक शोधू नका. कंपनीचे पैसे भागधारकांचे, ते कुठे घालायचे हा तिचा हक्क. महिंद्रानं अट्ठेचाळीस वर्षं टीम चालवली, ही छोटी गोष्ट नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. क्लब बंद झाला तेव्हा विरोध करायला हक्काचं कुणीच नव्हतं. सभासद नाहीत, वर्गणीदार नाहीत, "ही आमची टीम आहे, आम्ही चालवतो" म्हणणारी गल्ली नाही. माझ्या आतेभावाकडे टी-शर्ट होता, मत नव्हतं.

नंतरही तेच झालं. पुणे एफसी आली २००७ मध्ये, एका उद्योगसमूहाची. गेली. मुंबई एफसी त्याच वर्षी आली, दुसऱ्या समूहाची. २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरली आणि गेली. डीएसके शिवाजियन्स गेली. आयएसएलमधली पुणे सिटी २०१९ मध्ये गेली. आज मुंबई सिटी आहे. तिनं २०२०-२१ मध्ये आयएसएल जिंकली, म्हणजे २००६ नंतर देशाची अव्वल लीग महाराष्ट्रात यायला पंधरा वर्षं लागली. या पंधरा वर्षांत आपण क्लब किती उघडले आणि किती मिटले ते वर मोजलंच.

आता दोन गावं दाखवतो, जिथे उलटं घडलं.

पहिलं लांबचं, रोमानियातलं हुनेदोआरा. पोलादाचं गाव. तिथला कोर्विनुल क्लब १९२१ चा. कम्युनिस्ट काळात कारखाना दिवसरात्र चालायचा आणि क्लब त्याच्या जिवावर. १९८९ नंतर ती राजवट गेली, कारखाना आटत गेला, हजारो कामगार घरी बसले. पुढे तो आपल्या लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाकडे गेला. क्लब २००४ मध्ये बंद पडला. आपल्याकडे गोष्ट इथे संपली असती. तिथे गावानं नगरपालिकेच्या आधारानं क्लब पुन्हा उभा केला, खालच्या पायरीपासून. मे २०२४ मध्ये याच टीमनं, दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना, रोमानियन कप जिंकला. अंतिम सामन्यात समोर होती ओत्सेलुल गालात्स. 'ओत्सेल' म्हणजे पोलाद, तीही पोलादाच्या गावाची टीम, आणि तिथला कारखानाही एकेकाळी मित्तलांनीच घेतलेला. बरोबरी झाली, निकाल पेनल्टीवर लागला. दोन्ही गावांत भट्ट्यांचे सोन्याचे दिवस केव्हाच सरलेत. टीमा मात्र आहेत.

दुसरं गाव आपलंच, कोल्हापूर. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस. यातली बहुतेक नावं पेठांतल्या तालमींची आणि मंडळांची. तालमीत कुस्तीबरोबर फुटबॉल वाढला. वर्गणी पेठेची, खेळाडू बराचसा पेठेचा, आणि हरल्याचं दुःखही पेठेचं. शाहू स्टेडियमवर डर्बी असली की दुकानाचं शटर लवकर खाली येतं. दोष आहेत. मारामाऱ्या होतात, सामने थांबतात, देशाच्या अव्वल लीगमध्ये कोल्हापूरचा क्लब पोचला नाही. पण मुंबई-पुण्याचे चार क्लब जन्मून मेले त्या काळात पाटाकडील तालीम कुणी बंद करू शकलं नाही. करणार कोण? तिथे मालक असा एक माणूसच नाही. आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

खालिद जमीलचंही सांगतो. जीपमेनचा हा माजी खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला. २०१७ मध्ये त्यानं मिझोरामच्या ऐजॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. डोंगरातल्या शहराचा क्लब, मागे मोठा उद्योगसमूह नाही, मागे शहर आहे. २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. माणूस टिकला, त्याला घडवणारा क्लब राहिला नाही.

आता परत त्र्यंबकला येतो.

सीएसआरला माझा विरोध नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितलंय, आणि त्यात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण बसतं. स्वतःची जाहिरात करायला दिलेलं प्रायोजकत्व त्यात बसत नाही, हेही चांगलंच. तेव्हा पैसे जरूर मागा. पण टीम मागू नका. मागायचंच तर कुंपण मागा, माती मागा, गोलपोस्ट मागा, पोरांना शिकवणाऱ्या माणसाचं तीन वर्षांचं मानधन मागा. या गोष्टी कंपनीचा साहेब बदलला तरी जागेवर राहतात.

आणि क्लब आपण काढू. नोंदणी करू, वर्षाला शंभर रुपये वर्गणी ठेवू, हिशेब चौकात फळ्यावर लावू. तोही करायला अवघड आहे, मला माहितीय. मी या गावात वीस वर्षं बातम्या करतोय, वर्गणी मागायला गेल्यावर लोक कसे दाराआड होतात तेही पाहिलंय. पण शंभर रुपये दिलेला माणूस मैदानात गाडी लागली तर भांडायला येईल. फुकटचा टी-शर्ट मिळालेला येणार नाही.

आतेभाऊ आता रिटायर झालाय. काल त्याला फोन करून विचारलं, टी-शर्ट आहे का अजून? म्हणाला, "त्याचं केव्हाच फडकं झालं रे. तुझी वहिनी गाडी पुसायला वापरायची."

मग मी त्याला शंभर रुपये मागितले. त्यानं दिले. पहिली पावती त्याच्या नावाची. दुसरी कुणाची, ते खाली कमेंटमध्ये सांगा.