ठशांचे भेद : साल नसलेल्या शिवराईचा काळ कसा ठरवावा?

ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास इलाख्यासाठी १८०८ साली दहा आणि वीस कॅशची तांब्याची नाणी पाडून घेतली. ती बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीत, वाफेवर चालणाऱ्या यंत्रांवर तयार झाली. त्यांच्यावर साल, कंपनीचे नाव आणि किंमत स्पष्ट आहे. त्यामुळे आज चेन्नईत असे नाणे हाती आले, तर ते कोणत्या सालचे हा प्रश्नच उरत नाही.

आता शिवराई घ्या. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाशी या नाण्याचा आरंभ जोडला जातो. मात्र हाच मजकूर पुढे पेशवाईतही तांब्याच्या पैशावर येत राहिला. नाण्यावर साल नाही, आणि बहुधा टाकसाळीचे नावही नाही. मग कोणती शिवराई कोणत्या काळातली हे कसे सांगायचे? येथे ठशांचा अभ्यास उपयोगी पडतो.

ठसा म्हणजे उलट अक्षरे कोरलेला धातूचा साचा. खालचा ठसा पक्का बसवायचा, त्यावर तांब्याची चकती ठेवायची, वरचा ठसा धरून हातोडा मारायचा. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला असल्यामुळे दोन ठसे तंतोतंत सारखे होत नाहीत. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. कुठे ‘पति’, कुठे ‘पती’. वेलांटीचा बाक, ठिपक्यांतील अंतर, ओळींमधील जागा बदलते. याला ठसाभेद म्हणतात.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पुढचा मुद्दा चटकन कळेल. हातोड्याचा घाव थेट वरच्या ठशावर बसतो, म्हणून साधारणपणे तो आधी निकामी होतो. खालचा ठसा टिकतो आणि त्याला नवा जोडीदार मिळतो. समजा, खालचा ठसा ‘अ’ हा वरच्या ‘क’ बरोबर वापरला तेव्हा अखंड होता आणि ‘ख’ बरोबर वापरला तेव्हा त्याला तडा गेलेला दिसतो. तर अ-क जोडीची नाणी आधीची आणि अ-ख जोडीची नंतरची. अशा दुव्यांची साखळी जोडत गेले की साल नसतानाही नाण्यांचा क्रम लागतो. शिवराईत अडचण एवढीच की चकती अनेकदा ठशापेक्षा लहान असते; त्यामुळे एक पूर्ण ठसा समजण्यासाठी अनेक नाणी शेजारी ठेवावी लागतात.

ही पद्धत इतरत्रही रुळलेली आहे. अमेरिकेचे मोठे तांब्याचे सेंट १७९३ ते १८५७ या काळात पाडले गेले. त्यांपैकी १७९३ ते १८१४ च्या सेंटांचे ठसाभेद विल्यम शेल्डन यांनी १९४९ च्या ग्रंथात क्रमांक देऊन मांडले. तेथे साल नाण्यावरच होते. ठशांमुळे एका वर्षातील नाण्यांचे बारीक वर्गीकरण झाले. शिवराईच्या बाबतीत मात्र काळाचा मूळ प्रश्नच ठशांवर बराचसा अवलंबून आहे.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवावी. ठसे ‘आधी’ आणि ‘नंतर’ सांगतात, इसवी सन सांगत नाहीत. शिवाय पेशवाईत खासगी व्यक्तींनाही टाकसाळीचे परवाने मिळत, म्हणून अक्षरांतील फरक काळाचा नसून जागेचाही असू शकतो. निश्चित काळासाठी बाहेरचा पुरावा हवा: वजन, सापडण्याचे ठिकाण, सोबतची इतर नाणी. मद्रासला निघालेली १८०८ ची नाणी घेऊन ‘अॅडमिरल गार्डनर’ हे जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्या साठ्यावर साल नसते, तरी जहाज बुडाल्याच्या तारखेवरून तो १८०९ नंतरचा नाही एवढे नक्की कळले असते.

म्हणून जमिनीत सापडलेला नाण्यांचा साठा वाटून घेणे वा वितळवणे हे केवळ १८७८ च्या निखात निधी कायद्याचे उल्लंघन नाही. त्यात ठशांचे दुवेही कायमचे तुटतात. आणि बाजारात प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या काळातली’ म्हणून दाखवली जाते, तेव्हा आपण विचारावे: हिचा ठसा कोणत्या साखळीत बसतो, आणि ही सापडली कुठे?

स्वाध्याय : एकाच खालच्या ठशाची, पण वरचे ठसे वेगळे असलेली तीन नाणी तुमच्याकडे आहेत. त्यांचा क्रम ठरवण्यासाठी कोणत्या खुणा पाहाल?