एका खुर्चीवर दोन नावं

बीड शहरात अभ्यासिकांच्या पाट्या आता गल्लोगल्ली दिसतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी तालुक्यातून येतात आणि महिन्याच्या बोलीवर खुर्ची घेतात. धंदा तसा सरळ आहे. अनामत, महिन्याची फी, सकाळची पाळी, संध्याकाळची पाळी, आणि दिवसभर बसणाऱ्याला वेगळा दर. सगळा कारभार एका जाड रजिस्टरात चालतो. मग कधीतरी एकाची मुदत वाढवून दिली जाते आणि तीच खुर्ची मागच्या पानावर दुसऱ्याला दिलेली निघते. दोघंही पावती घेऊन उभे. त्या दिवशी मालक संगणकवाल्याला फोन करतो: मेंबरचा डेटाबेस करून द्या.

डेटाबेस ही अमेरिकेतून आलेली चीज, असा आपला समज. यंत्र तिकडचंच आहे. पण माणसांची आगाऊ नोंद करून त्यांचा वेळ राखून ठेवायचा, पैसे आधी द्यायचे-घ्यायचे आणि एकच नोंद दोनदा विकली गेली की भांडायचं, हे सगळं बीड जिल्ह्याला संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ते ऊसतोड मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत आहे.

ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो, पण माणसं त्याच्या कितीतरी आधी बांधली जातात. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे घेतो आणि मजुरांना उचल देतो. वहीत नाव, गाव, उचलीचा आकडा. पुढे हंगामात तोडलेला ऊस आणि पडलेले खाडे. ही आगाऊ नोंदणीच आहे आणि तिचा जुना रोगही तोच. एका टोळीनं दोन मुकादमांकडून उचल घेतली, किंवा एका मुकादमानं एकच टोळी दोन ठिकाणी दाखवली, असे तंटे दर हंगामात पोलीस ठाण्यापर्यंत जातात. दोन वह्या एकमेकींना पाहू शकत नाहीत, तोवर हे चालायचंच.

या वहीतली सगळ्यात मोठी रचना मात्र वेगळीच आहे. तिथं मोजायचं एकक माणूस नाही, कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा, आणि नाव बहुधा नवऱ्याचं. ओळ एक, राबणारी माणसं दोन. बाईचं काम वहीत असतं, बाई नसते. २०१९ साली ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा जिल्ह्यातल्या बायकांची वेगळी पाहणी करावी लागली. पुढे शासनानं ऊसतोड कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रं हाती घेतली, ती माणसागणिक. तक्त्याची एक ओळ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न रटाळ वाटतो. पण त्याच्या उत्तरावर कोण मोजलं जाणार ते ठरतं. व्यायामशाळेची ‘जोडप्याची मेंबरशिप’ एका ओळीत लिहिणाऱ्यानं कोयताच लिहिला, असं मी म्हणेन.

मुकादमाची वही हा डेटाबेसचा एक पूर्वज; दुसरा ग्रंथालयातला. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये जप्त केलेल्या पुस्तकांची यादी १७९१ मध्ये खेळायच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठीवर करायला घेतली. सुटा पत्ता वहीच्या पानापेक्षा सोयीचा, कारण मध्येच नवा पत्ता घालता येतो. मराठी मुलखात रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून आहे, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून. पण नोंदींची शिस्त मोठ्या प्रमाणावर बसवली ती बडोद्याच्या सयाजीरावांनी. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. पुढे भारतभर ग्रंथालयांत जी पद्धत रुळली ती ब्राउन पद्धत. पुस्तकाच्या आत एक कार्ड, सभासदाकडे एक छोटा खिसा. पुस्तक दिलं की त्यातलं कार्ड काढून सभासदाच्या खिशात घालायचं आणि तो खिसा परतीच्या तारखेमागे लावून ठेवायचा.

या पद्धतीतली हुशारी बघा. पुस्तकाचं कार्ड एकच. ते एका खिशात गेलं की दुसऱ्याच्या खिशात जाऊच शकत नाही. ग्रंथपाल कितीही धांदरट असो, एक पुस्तक दोघांना देण्याची चूक पुठ्ठाच होऊ देत नाही. नियम माणसाच्या लक्षात ठेवलेला नाही, वस्तूत ठेवलेला आहे. वहीत हे नसतं. वही काहीही लिहू देते.

विमान कंपन्यांपुढे हाच पेच मोठ्या आकारात आला. अमेरिकन एअरलाइन्सच्या कचेरीत फिरत्या मांडणीवर प्रत्येक उड्डाणाची कार्डं असत आणि कारकून भोवती बसून त्यांवर खुणा करत. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे विक्रेते ब्लेअर स्मिथ योगायोगानं शेजारी बसले. त्या गप्पांतून ‘सेबर’ ही आरक्षण यंत्रणा निघाली आणि १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं आरक्षण तिच्यावर गेलं. आपल्याकडे रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झालं. त्याआधी गाडीगणिक रजिस्टरं असत, आणि ज्या खिडकीत त्या गाडीचं रजिस्टर त्याच खिडकीपुढे रांग. ऑनलाइन तिकीट २००२ मध्ये आलं. म्हणजे बीडच्या माणसाला घरबसल्या तिकीट काढता येऊ लागलं तेव्हा बीड शहरात गाडीच नव्हती; ती पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर परळी गाठायची.

विमानाच्या यंत्रणा अवाढव्य होत्या आणि त्या एकाच कामासाठी घडवलेल्या. कोणत्याही दुकानदाराला वापरता येईल अशी रचना सुचली ती एडगर कॉड यांना. हे मूळचे इंग्लंडचे गणिती, नोकरी आयबीएममध्ये. जून १९७० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. तोवर माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठवलेली असे आणि कोणत्या फांदीवरून कुठं जायचं हे प्रोग्रामला पाठ असावं लागे. कॉड म्हणाले, सगळं साध्या तक्त्यांत ठेवा आणि एका तक्त्यातला क्रमांक दुसऱ्यात लिहून दोन्ही जोडा. आयबीएमची जुनी पद्धत जोरात खपत होती, त्यामुळे घरच्यांनीच दिरंगाई केली आणि १९७९ मध्ये बाजारात बाजी मारली ती ओरॅकलनं.

अभ्यासिकेला कॉडचं म्हणणं लावलं तर एका रजिस्टरचे तीन तक्ते होतात. एकात सभासद, दुसऱ्यात खुर्च्या, तिसऱ्यात नोंदण्या: अमुक सभासद, अमुक खुर्ची, कधीपासून कधीपर्यंत. फोन बदलला की तो एकाच जागी बदलायचा, बारा महिन्यांच्या बारा पानांवर नाही. पैसे चौथ्या तक्त्यात, आणि अनामत फीपासून वेगळी, कारण ती परत द्यायची असते. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच रकान्यात जातात आणि पोरगं सोडून जाताना वाद होतो.

खुर्ची दोघांना जाऊ नये याची कसोटी एका वाक्याची आहे. नवी नोंदणी जुनी संपण्याआधी सुरू होत असेल आणि जुनी सुरू झाल्यानंतर संपत असेल, तर दोन्ही एकमेकींवर चढतात. दुपारी दोनला संपणारी पाळी आणि दोनला सुरू होणारी पाळी भांडत नाहीत. ही कसोटी लिहिण्याच्या क्षणी तक्त्यानंच लावली पाहिजे. गल्ल्यावरच्या मुलानं खुर्ची रिकामी पाहिली, त्याच क्षणी मालकानं घरून मोबाइलवर पाहिली आणि दोघांनी नाव टाकलं, तर नुसतं पाहणं कामाचं नाही. पोस्टग्रेस या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत २०१० पासून असा नियम थेट तक्त्यावर बसवता येतो. ब्राउनच्या पुठ्ठ्याचं काम तो करतो. एक्सेल मात्र वहीसारखंच आहे, काहीही लिहू देतं.

आता नावाचं. परळीकडच्या एखाद्या गावात अर्धी वस्ती मुंडे असते, तिथं नावावरून माणूस ओळखायला जाणं म्हणजे घोळाला आमंत्रण. मुलीचं नाव लग्नानंतर बदलतं. मोबाइल नंबर बापाचा असतो, किंवा रिचार्ज संपला म्हणून नवा घेतलेला असतो. म्हणून सभासदाला आपला क्रमांक द्यावा. नाव, आडनाव, फोन ही नुसती माहिती. आडनावाला स्वतंत्र रकाना हवाच असंही नाही. २०२५ मध्ये बीड पोलिसांच्या नावपट्ट्यांवरून आडनावं काढण्याचा निर्णय झाला, जातीवरून माणूस ओळखला जाऊ नये म्हणून. पोलीस खात्याचं आडनावावाचून चालतं, तर खुर्ची देणाऱ्याचंही चालेल.

नोंद खोडू नये, हेही बीडकरांना वेगळं सांगायला नको. २०२३ पासून मराठा आरक्षणासाठी निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी कागदांत कुणबी नोंदी शोधल्या गेल्या आणि जुन्या रजिस्टरातल्या एका ओळीची किंमत गावागावाला कळली. नोंदणी रद्द झाली तर पुढं रद्द झाल्याची तारीख लिहावी, ओळ राहू द्यावी. आधारच्या झेरॉक्सची गोष्ट मात्र उलटी. खुर्ची भाड्यानं द्यायला ती लागत नाही, तरी कपाटात गठ्ठे साठलेले असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख असा आहे की कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर ती ठेवू नये.

साठ-सत्तर खुर्च्यांच्या अभ्यासिकेला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लागतो तो घेण्याआधीचा एक दिवस. संगणकवाल्याला बोलावण्यापूर्वी चार कोऱ्या वह्या घ्या, गेल्या महिन्याचं रजिस्टर त्यांत वाटून लिहून बघा, आणि जी गोष्ट कोणत्या वहीत घालायची हे ठरत नाही तिच्यावर खूण करा. त्या खुणा हातात घेऊनच त्याच्याशी बोला. आणि तो म्हणाला की नियम नंतर बसवू, आधी स्क्रीन करून देतो, तर दुसरा माणूस शोधा.