पीयूसी चाचणी

पीयूसी चाचणी ही वापरातील वाहनाच्या धुरामधील प्रदूषके ठरावीक मर्यादेत आहेत की नाहीत, हे पाहणारी तपासणी होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ हा तिचा आधार आहे. नव्या वाहनाला पहिल्या नोंदणीनंतर एक वर्षाने प्रमाणपत्र लागते. त्याची मुदत भारत स्टेज-४ व भारत स्टेज-६ वाहनांसाठी एक वर्ष, तर त्याआधीच्या वाहनांसाठी सहा महिने असते. रायगड जिल्ह्यातील नेरे हे गाव पनवेल परिवहन कार्यालयाच्या (एमएच-४६) क्षेत्रात येते.

पेट्रोल वाहनाचे इंजिन जागेवर मंद चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल वाहनाचा ॲक्सिलरेटर, वाहन उभे असतानाच, झटक्याने पूर्ण दाबून धुराची अपारदर्शकता मोजली जाते. तिची मर्यादा भारत स्टेज-४ पूर्वीच्या वाहनांसाठी ६५, तर भारत स्टेज-४ वाहनांसाठी ५० हार्ट्रिज एकके आहे.

नायट्रोजन ऑक्साइडे व सूक्ष्म धूलिकण (पीएम २.५) यांचे मोजमाप या चाचणीत होत नाही. शहरी हवेत आरोग्याची मुख्य चिंता मात्र याच घटकांची आहे. शिवाय उभ्या वाहनाचा धूर पाहून, भार घेऊन चढ चढणाऱ्या ट्रकच्या धुराचा अंदाज बांधता येत नाही. बिघडलेला कार्ब्युरेटर किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांसारखे दोष तेवढे तीत उघड होतात, आणि जुन्या वाहनांच्या बाबतीत हे थोडके नव्हे.

वैध प्रमाणपत्राशिवाय वाहनाच्या विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ रोजी दिला. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणविषयक नियमभंगासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.