पालशेतच्या किनाऱ्यावरून सर्वोच्च न्यायालयात

डॉक्टरांवरील खटले म्हटले की आपल्याला ग्राहक न्यायालये आठवतात. परंतु ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, आणि डॉक्टर त्याच्या कक्षेत येतात हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले १९९५ साली. त्याच्या कितीतरी आधी एका मराठी पित्याने पुण्यातील शल्यविशारदाला दिवाणी न्यायालयात उभे केले होते. पिता स्वतःही डॉक्टरच होता. आजचा धागा त्या खटल्याविषयी: लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले.

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्ताच्या सुमारास गोडबोल्यांच्या मुलाला अपघात झाला. वय सुमारे २० वर्षे. डाव्या मांडीचे हाड मोडले. घर दीड मैलावर. खाट आणून त्याला घरी नेण्यातच बराच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला नेण्याचा सल्ला दिला.

८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास टॅक्सी निघाली. सोबत आई आणि गावचे डॉक्टर. सुमारे २०० मैलांचा प्रवास करून साडेअकराला ते पुण्यात पोहोचले. मोडलेले हाड घेऊन साडेदहा तास, तेही १९५३ च्या रस्त्यांवरून! वडील दौंडहून आले. त्यांचा दवाखाना तेथेच होता. ताराचंद रुग्णालयातील तपासणीत दिसले की हाडाची टोके एकमेकांवर चढली असून पिन घालून ताण द्यावा लागेल. तेथून मुलाला डॉ. जोशी यांच्या रुग्णालयात नेले.

दुपारी सव्वादोनला तो दाखल झाला. मॉर्फियाचे एक इंजेक्शन दिले गेले, क्ष-किरण छायाचित्रे निघाली, मग शस्त्रक्रियागृहात पाय प्लास्टरमध्ये बसवला गेला. साडेपाचला त्याला खोलीत आणले. सातपर्यंत गुंगी उतरेल, असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला परतले. आई मागे थांबली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेता येत नाही, खोकला येतो आहे, हे प्रथम तिच्या लक्षात आले. रात्री नऊला तो गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते ‘फॅट एम्बोलिझम’, म्हणजे चरबीच्या कणांनी रक्तवाहिनी तुंबणे. मोठे हाड मोडल्यावर असे खरोखर घडू शकते, म्हणून हा बचाव पोकळ नव्हता. पण पित्याचे म्हणणे निराळे होते: केवळ मॉर्फियाच्या गुंगीत, पूर्ण भूल न देता, तीन माणसांच्या साहाय्याने पाय जोर लावून ओढला गेला आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. सामान्य माणूस दाखल्यावरील इंग्रजी शब्दापाशी थबकला असता. येथे वाचणारा त्याच व्यवसायातला होता.

डॉ. जोशींच्या मते, त्यांनी हाड बसवलेच नव्हते. रुग्ण थकलेला असल्याने हलका ताण देऊन पाय केवळ स्थिर केला होता. न्यायालयांना हे पटले नाही. कनिष्ठ न्यायालयाने ३,००० रुपये भरपाई मंजूर केली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे १९६८ रोजी न्या. शेलत यांनी लिहिलेल्या निकालाने अपील फेटाळले गेले. घटनेला तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती. तीन हजारांसाठी कोणी इतकी वर्षे लढत नाही. दोन्ही बाजूंना पणाला लागले होते ते दुसरेच काही, असे मला वाटते.

कायद्याच्या इतिहासात हा निकाल टिकला तो त्यातील एका मांडणीमुळे. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणते उपचार करावेत, आणि ते प्रत्यक्ष कसे करावेत, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते. अपेक्षा सर्वोच्च कौशल्याची नाही, पण अगदी कनिष्ठ दर्जाचे कौशल्यही चालणार नाही. वाजवी कौशल्य हवे. उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, तातडीच्या प्रसंगी तर अधिकच, हेही न्यायालयाने मान्य केले. आक्षेप निवडीवर नव्हताच. भूल देण्याची प्राथमिक खबरदारीही घेतली गेली नाही, यावर होता.

निकालपत्र फार मोठे नाही, एका बैठकीत वाचून होते. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे. तरी पहिली दोन पाने अवश्य वाचा. खाट, फळ्या, टॅक्सी, सगळे तेथे तासांच्या हिशेबाने नोंदलेले आहे.