सायकलचा सांगाडा : पोलाद व कार्बन तंतू

बर्मिंगहॅमच्या ॲल्फ्रेड मिलवर्ड रेनल्ड्स यांनी १८९७ मध्ये टोकांशी जाड व मध्ये पातळ अशा पोलादी नळीचे एकस्व घेतले. सांध्यांची बळकटी राखून वजन घटविण्याची ही युक्ती होती. १९३५ मध्ये आलेल्या, मँगॅनीज व मॉलिब्डेनमयुक्त पोलादाच्या ‘५३१’ नळ्या शर्यतींत दीर्घकाळ रूढ होत्या. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँड यांनी कार्बन तंतूंच्या नळ्यांचा सांगाडा वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. पोलादाची घनता सु. ७·८५, तर रेझिनबद्ध कार्बन तंतूंची सु. १·६ ग्रॅ./घ. सेंमी. असते, शिवाय तंतूंची दिशा बदलून हवी तेथेच दृढता आणता येते. शर्यतीत हा लाभ निर्णायक खरा. परंतु आघाताने थरांत पडलेली फूट बाहेरून दिसेलच असे नाही. पोलाद बहुधा तुटण्यापूर्वी वाकते, व कुशल कारागीर ते पितळेच्या झाळकामाने सांधू शकतो.