इस्पितळाचा उंबरठा आणि सरकारी तिजोरी

वंशभेद ही मनाची विकृती आहे, शिक्षणाने आणि प्रबोधनाने ती हळूहळू जाईल, असे सभ्य माणसे सांगत असतात. जातीबद्दलही हाच उपदेश आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत. अमेरिकेतील इस्पितळांचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. तिथे इस्पितळाच्या दारातला वंशभेद कायद्याने पोसला, सरकारी पैशाने त्याच्या भिंती बांधल्या, आणि तो मोडला तेव्हाही सरकारी पैशाच्या अटीनेच मोडला. गोऱ्यांच्या मनात नंतर काय पालट झाला, हा पुढचा प्रश्न.

१९४६च्या जुलैत बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. पुढच्याच महिन्यात, १३ ऑगस्टला, अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी हिल-बर्टन कायद्यावर सही केली. जिथे इस्पितळे नाहीत तिथे ती बांधायला केंद्र सरकारने पैसा द्यावा, असा हा कायदा. त्यात भेदभावाला बंदी होती. पण त्याच कलमात एक अपवाद होता : निरनिराळ्या समूहांसाठी वेगवेगळी इस्पितळे असतील आणि सोयी सारख्या दर्जाच्या असतील, तर हरकत नाही. ‘वेगळे पण समान’ ही ती जुनी फसवणूक! दक्षिणेतील राज्यांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. काळ्यांनीही भरलेल्या करातून काळ्यांना मज्जाव करणारी इस्पितळे उभी राहिली.

उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो हे असेच एक शहर. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गोऱ्यांच्या उपाहार-टेबलाशी बसले, तेच हे शहर. तिथल्या मोझेस कोन आणि वेस्ली लाँग या दोन इस्पितळांना हिल-बर्टनखाली मिळून सुमारे ३२ लाख डॉलर मिळाले होते. लाँगमध्ये काळ्या रुग्णाला प्रवेशच नव्हता. कोनमध्ये काही मोजक्यांना, तोही अटींवर. काळ्या डॉक्टरांना दोन्हीकडे बंदी. काळ्यांसाठी होते ते वेगळे इस्पितळ अपुरे पडत होते. डॉ. जॉर्ज सिमकिन्स या दंतवैद्याकडे जबडा सुजलेला, तापाने फणफणलेला एक रुग्ण आला, तेव्हा त्याला दाखल कुठे करायचे, हाच प्रश्न उभा राहिला. फेब्रुवारी १९६२मध्ये सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी डॉक्टर, दंतवैद्य व रुग्ण न्यायालयात गेले.

इस्पितळांचा बचाव ठरीव होता : आम्ही खाजगी संस्था आहोत, कोणाला घ्यावे हा आमचा प्रश्न. खालच्या न्यायालयाने तो मान्य केला. १ नोव्हेंबर १९६३ रोजी अपील न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला. सरकारचा पैसा घ्यायचा, सरकारच्या योजनेचा भाग व्हायचे आणि राज्यघटनेची बंधने तेवढी टाळायची, हे चालणार नाही, असे ठरले आणि हिल-बर्टनमधला तो अपवाद घटनाबाह्य ठरला. मार्च १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हात घालण्यास नकार दिला. त्याच वर्षी २ जुलैला नागरी हक्क कायदा झाला. त्याचे सहावे प्रकरण सांगते : केंद्राचा पैसा जिथे जातो तिथे वंश, वर्ण वा राष्ट्रीय मूळ पाहून भेदभाव करता येणार नाही.

पण कायदा कागदावर असणे वेगळे आणि वॉर्डात उतरणे वेगळे. तो वॉर्डात उतरला मेडिकेअरमुळे. ६५ वर्षांवरील वृद्धांचा इस्पितळाचा खर्च सरकारने उचलण्याची ही योजना १ जुलै १९६६ पासून सुरू व्हायची होती. वंशभेद पाळणाऱ्या इस्पितळाला यातला एक डॉलरही मिळणार नाही, असे सरकारने बजावले. सुमारे हजार तपासनीस गावोगाव पाठवले. एका खोलीत काळा आणि गोरा रुग्ण शेजारी आहेत काय, काळ्या डॉक्टरला आपला रुग्ण दाखल करता येतो काय, भोजनगृह आणि संडास वेगळे आहेत काय, काळ्या रुग्णाला मानाने हाक मारतात काय, हे सारे तपासले गेले. काही इस्पितळांनी तपासणीपुरते रुग्ण हलवून देखावा केला. तो उघडा पाडला इस्पितळात राबणाऱ्या काळ्या कर्मचाऱ्यांनी आणि स्थानिक चळवळीने. चार महिन्यांच्या आत हजाराहून अधिक इस्पितळांनी आपली दारे उघडली. शतकभराच्या प्रवचनांनी जे झाले नाही, ते बिल अडकेल या भीतीने झाले! पुढच्या वर्षांत मिसिसिपीत न्यूमोनिया आणि जुलाबाने मरणाऱ्या काळ्या तान्ह्या मुलांचे प्रमाण झपाट्याने घटले. उपचार होताच, बंद होते ते दार.

तरीही हा विजय अर्धाच होता. मेडिकेअरमधून डॉक्टरांना मिळणारे शुल्क हे ‘सरकारी साहाय्य’ नाही, असा अर्थ लावून खाजगी दवाखाने सहाव्या प्रकरणातून वगळले गेले. हा अर्थ बदलायला २०२४ साल उजाडावे लागले. आणि २००१मध्ये अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की हेतू सिद्ध न होता केवळ परिणामाने होणाऱ्या भेदभावाविरुद्ध सामान्य नागरिकाला या कायद्याच्या नियमांखाली दावा लावता येणार नाही. म्हणजे पुन्हा मनातले पाप दाखवा, मगच न्याय!

आपल्या कार्यकर्त्यांनी इथे थोडे थांबावे. १९५५च्या अस्पृश्यता कायद्याचे, म्हणजे १९७६पासूनच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे, पाचवे कलम इस्पितळात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवते. पण त्यासाठी आजाऱ्याने वा त्याच्या नातलगाने पोलीस चौकी गाठायची, साक्षीदार जमवायचे, वर्षानुवर्षे तारखांना हजर राहायचे. अनुदान थांबवण्याची तरतूद नवव्या कलमात आहे. ती पूजास्थान, शिक्षणसंस्था आणि वसतिगृहापुरती, आणि तीही गुन्हा शाबीत झाल्यावर. इस्पितळाचे नाव त्यात नाही. सवलतीची जमीन आणि सरकारी विमा योजनांचा पैसा घेणाऱ्या इस्पितळाला त्या पैशापोटी समतेचा हिशेब द्यावा लागत नाही.

ग्रीन्सबरोचा धडा एवढाच आहे. अपमान झालेल्याने तक्रार करावी, ही अपेक्षा ठेवणारा कायदा दुबळा असतो. ज्याच्या हाती दार आहे त्यानेच ते उघडे असल्याचा पुरावा द्यावा, आणि दिला नाही तर तिजोरी बंद व्हावी, असा कायदा मागितला पाहिजे. आणि तपासनीस येईल तेव्हा त्याला खरे सांगणारी माणसे आपण वॉर्डावॉर्डात संघटित केली पाहिजेत.